टीव्हीतून बाहेर येणारी बाई आणि "अकरा जणांना पाठवा"

गेल्या आठवड्यात भाचा राहायला आला होता, अकरावीत आहे, रात्री सगळे झोपल्यावर पांघरुणात मोबाईलवर त्याने 'रिंगू' बघितला. म्हणजे तो १९९८ चा मूळ जपानी भुताचा पिक्चर, ज्यात विहिरीत मेलेल्या सादाकोचं भूत एक शापित कॅसेट बघणाऱ्यांना मारतं; नंतरचा अमेरिकन नाही. सकाळी पोहे खाताना मला विचारतो, "मामा, कॅसेट कॉपी करायची म्हणजे नक्की काय करायचं? सरळ लिंक पाठवायची ना." मी हसलो. तर पुढचा प्रश्न आला, "आणि भुताला टीव्हीत शिरायची काय गरज होती? विहीर होती की चांगली."

आता हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि खूप जणांना पडतो. पांढऱ्या कपड्यातली, केस तोंडावर आलेली बाई टीव्हीतून सरपटत बाहेर येते हे रील आपण सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलेलं असतं, त्यावर जोकही केलेले असतात, पण ती तिथून का येते, आणि जपानी लोकांच्या पिक्चरमधली भुतं कॅसेट, मोबाईल, इंटरनेट असल्या गोष्टींच्या मागे का लागतात हे कोणी नीट सांगत नाही. मी काही सिनेमाचा प्राध्यापक नाही, पण हे पिक्चर मी वीस वर्षं बघतोय, म्हणून जमेल तसं सांगतो. एक सूचना, शेवट सांगणार आहे. पाव शतक उलटून गेलंय, आता रागावू नका.

आधी भुताशी ओळख

आपल्याकडे कशी जातवारी आहे, पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ, रानात चकवा, तशी जपानातही भरपूर आहे. पण या पिक्चरपुरता एकच प्रकार लक्षात ठेवायचा: ओनर्यो. ओनर्यो म्हणजे अन्याय होऊन, राग मनात ठेवून मेलेल्या माणसाचा आत्मा. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही असा.

दिसायला कशी? पांढरा किमोनो, कारण प्रेताला तोच घालतात. केस मोकळे, कारण बांधायला कोणी नाही. आणि पाय नसतात, कंबरेखाली धुरासारखं विरलेलं. हा पाय नसलेला प्रकार अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो नावाच्या चित्रकाराच्या चित्रामुळे रूढ झाला असं मानतात. म्हणजे सादाकोचा, त्या टीव्हीवालीचा, ड्रेस दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच ठरलेला होता.

आता ओनर्योची एक गोष्ट आपल्याला जड जाते. आपल्या हिंदी पिक्चरमध्ये भूत कसं हिशोबी असतं, ज्या ठाकूरने मारलं त्या ठाकूरला मारणार, फार तर त्याच्या मुलाला, मग हाडं सापडतात, अग्नी दिला की आत्मा हसत हसत वर जातो आणि पाटी येते समाप्त. ओनर्यो असा हिशोब ठेवत नाही. सुगावारा नो मिचिझाने नावाचा एक विद्वान दरबारी होता, राजकारणात हरला, क्योतोहून लांब क्युशू बेटावर पाठवला गेला आणि तिथेच ९०३ साली वारला. नंतर राजधानीत साथी आल्या, त्याचे विरोधक मेले, राजवाड्यावर वीज पडून माणसं गेली. दरबाराने हात टेकले, त्याची पदवी परत दिली, क्योतोत त्याचं देऊळ उभं राहिलं. आज तो विद्येचा देव आहे, परीक्षेच्या आधी पोरं त्याच्याकडे नवस बोलायला जातात. तर हा राग म्हणजे एखाद्या माणसावर रोखलेली बंदूक नाही, तो पावसासारखा पडतो, खाली कोण उभं आहे ते बघत नाही.

'रिंगू'मध्ये नेमकं हेच होतं. रेको ही पत्रकार आणि तिचा घटस्फोटित नवरा र्युजी शोध घेत घेत त्या विहिरीपर्यंत पोचतात, रेको चिखलात उतरून सादाकोचा सांगाडा शोधते, ती कवटी पोटाशी धरते. आपल्याला वाटतं झालं, मोक्ष. दुसऱ्या दिवशी र्युजी घरी एकटा बसून लिहीत असतो आणि त्याचा टीव्ही आपोआप चालू होतो.

कंदिलातून आलेली पहिली बाई

भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर जुन्या नाटकात आहे. १८२५ साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, एक काबुकी नाटक आलं, काबुकी म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखी त्यांची झगमगाटी रंगभूमी. त्यातली ओइवा ही नवऱ्याने फसवलेली बायको, तिला विष दिलं जातं, चेहरा विद्रूप होतो, ती आरशासमोर केस विंचरते आणि झुपकेच्या झुपके हातात येतात. मेल्यावर ती येते कुठून? पेटत्या कागदी कंदिलातून! रंगमंचावर कंदील पेटतो, त्याला भोक पडतं आणि त्यातून नट बाहेर सरकतो. ही ट्रिक तिथे आजही प्रसिद्ध आहे.

दुसरी ओकिकु. ही मोलकरीण, मालकाच्या दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो आणि ती विहिरीत जाते. मग रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज, एक, दोन, तीन, नऊपर्यंत, आणि मग किंचाळी. हिमेजीच्या किल्ल्यात तिच्या नावाची विहीर आजही दाखवतात.

आता बेरीज करा. ओकिकुची विहीर, ओइवाचे केस आणि कंदील. कंदील म्हणजे त्या काळातली घरातली उजेड देणारी चौकोनी-गोल वस्तू, रात्री सगळे जिच्याभोवती बसतात ती. १९९८ साली ती वस्तू कुठली होती? तर सादाको टीव्हीत "शिरली" वगैरे काही नाही, ती तिच्या नेहमीच्याच दारातून आली, दाराचं मॉडेल बदललं होतं एवढंच.

पण मशीनच का? माझ्या आजीची कॅसेट

आमच्याकडे मोठ्या काकाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती. ती लावली की सुरुवातीला पडद्यावर मुंग्या यायच्या, खर्रर्र आवाज, मग एक पांढरी पट्टी वरून खाली सरकायची आणि मग मांडव. त्यात आजी एका ठिकाणी चार सेकंद दिसते. हातात अक्षतांचं ताट, कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "पुरे रे, बंद कर ते." आजी गेल्यावर दोन-तीन वर्षांनी आम्ही ती कॅसेट लावली होती, तोपर्यंत टेपला बुरशी लागलेली, आजीच्या तोंडावर बरोब्बर मुंग्या आल्या आणि आवाज तेवढा नीट आला. आई उठून आत गेली.

रेकॉर्डिंग म्हणजे हेच की. गेलेला माणूस हलतोय, बोलतोय, तुमच्याकडे बघतोय, पण तुम्ही त्याला काही सांगू शकत नाही आणि तो तेच तेच परत करतो. ही व्याख्या भुताची आहे का कॅसेटची? फोनही तसाच, अंगाशिवाय नुसता आवाज. आपल्याला सवय झालीय म्हणून विचित्र वाटत नाही. या पिक्चरवाल्यांनी आपली सवय मोडली, फार काही नवीन केलं नाही.

आणि जपानात भूतप्रेत, अतींद्रिय शक्ती आणि कॅमेरा यांची जोडी खूप जुनी आहे. तोक्यो इंपीरियल युनिव्हर्सिटीत तोमोकिची फुकुराई नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९१० च्या सुमारास बंद पाकिटातलं वाचू शकतो असा दावा करणाऱ्या बायकांवर प्रयोग केले. मिफुने चिझुको ही त्यातली एक, तिचा प्रयोग मोठमोठ्या प्राध्यापकांसमोर झाला, त्यावर शंका घेतल्या गेल्या, पेपरवाल्यांनी झोडपलं, आणि १९११ च्या सुरुवातीला तिने विष घेतलं. फुकुराई थांबले नाहीत, नुसत्या विचाराने फोटोच्या काचेवर चित्र उमटवता येतं असंही ते म्हणू लागले, त्यांच्या प्रयोगातल्या एकीचं नाव होतं सादाको. शेवटी त्यांना युनिव्हर्सिटी सोडावी लागली. 'रिंगू'मधल्या सादाकोची आई शिझुको अशीच भर सभेत पत्रकारांसमोर प्रयोग करते आणि "फसवणूक, फसवणूक" असा गलका होतो. विचाराने काचेवर चित्र उमटू शकतं असं एकदा मानलं की टेपवर उमटायला काय हरकत आहे, हा त्या कॅसेटमागचा तर्क. शास्त्र म्हणून शून्य, पण गोष्ट म्हणून पक्की.

कॅसेटचं गणित

नियम असा: इझूच्या एका भाड्याच्या लाकडी घरात एक विनालेबलची कॅसेट आहे. त्यात तुटक चित्रं, केस विंचरणारी बाई, पेपरातली वळवळणारी अक्षरं, तोंडावर कापड टाकून बोट दाखवणारा माणूस, विहीर. बघून संपली की लगेच फोन वाजतो. सात दिवसांनी तुम्ही मरता.

रेको वाचते, र्युजी मरतो. दोघांनी कॅसेट बघितली, दोघांनी मिळून सांगाडा शोधला, मग फरक काय? फरक हा की रेकोने कॅसेटची कॉपी काढून ती र्युजीला दाखवली होती. र्युजीने कोणाला दाखवली नाही. म्हणजे सुटकेचा मार्ग एकच: कॉपी काढा आणि पुढच्याला बघायला लावा.

ओळखीचं वाटतंय ना? माझ्या लहानपणी घरी पोस्टकार्ड यायचं, देवीचा महिमा, अमक्याने या पत्राच्या इतक्या प्रती काढून वाटल्या त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडून टाकलं त्याचा मुलगा गेला. आई म्हणायची सोडून दे, आणि तरी एकदा मी तिला दुपारी गुपचूप पोस्टकार्डं लिहिताना पाहिलंय. आता तेच "हा मेसेज अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल" होऊन आलंय. जपानात १९७० च्या दशकात अशा पत्रांचं पेव फुटलं होतं, तिथे त्याला सरळ "दुर्दैवाचं पत्र" म्हणायचे. 'रिंगू'ची कॅसेट म्हणजे ते पत्र, फक्त धमकी खरी ठरलेली. ज्या कादंबरीवरून पिक्चर निघाला ती कोजी सुझुकीची, १९९१ ची, तिच्यात तर हे सगळं उघडउघड देवीच्या रोगाशी आणि व्हायरसशी जोडलंय. व्हायरसला तुमच्याशी वैर नसतं, त्याला फक्त स्वतःची प्रत काढून हवी असते आणि त्या कामाला तुम्ही लागता.

भाच्याला मी कॉपी करणं म्हणजे काय ते सांगितलं. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे, वायरने जोडायचे, एकात प्ले, दुसऱ्यात रेकॉर्ड, आणि तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास थांबायचं. प्रत निघाली की ती मूळ कॅसेटपेक्षा थोडी खराब, तिची प्रत आणखी खराब, झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी. आणि मग ती उचलून कोणाच्या तरी घरी जायचं, त्याच्या हातात द्यायची. तोंडाकडे बघून.

इथे माझ्या मते या पिक्चरचं खरं भय आहे. सादाको दीड-दोन मिनिटं दिसते. पण शेवटच्या सीनमध्ये रेको गाडी चालवतेय, शेजारी व्हीसीआर ठेवलाय, तिच्या लहान मुलाने, योइचीने, कॅसेट बघितलीय. ती फोन करते, बाबांना. बाबा, एक काम होतं, योइचीसाठी. रस्ता रिकामा, वर ढग दाटलेत, आणि पिक्चर संपतो. म्हणजे नातवाला वाचवायला ती आपल्या बापाला ती कॅसेट दाखवणार. मग बाप कोणाला दाखवणार?

हे त्याच काळात का झालं

थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात जपानची सुबत्तेची हवा गेली, शेअर आणि जमिनीचे भाव कोसळले. १९९५ च्या जानेवारीत कोबेचा भूकंप, सहा हजारांवर माणसं गेली, दोनच महिन्यांनी तोक्योच्या मेट्रोत एका पंथाने विषारी वायू सोडला. आणि १६ डिसेंबर १९९७ ला तर कमाल झाली, पोकेमॉन कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, झटके, चक्कर, उलट्या. टीव्ही बघून! त्यानंतर दीड महिन्याने, ३१ जानेवारी १९९८ ला 'रिंगू' थिएटरला लागला. ठरवून झालेलं नाही, पिक्चर आधीच तयार होता, पण तेव्हाच्या जपानी आईबापांना "पडद्यातून काहीतरी बाहेर येऊन पोराला धरतं" हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरं कारण पैशांचं. जपानात थेट कॅसेटवर निघणाऱ्या स्वस्त पिक्चरचा मोठा धंदा होता. नोरिओ त्सुरुता नावाच्या दिग्दर्शकाने १९९१ पासून "खऱ्या घडलेल्या" भुताच्या गोष्टी अशा कॅसेटवर काढल्या, आणि त्यात भूत कसं दाखवलं तर मागे, कोपऱ्यात, धूसर, हलत नाही, काही करत नाही, नुसतं उभं. मेकअपला पैसे नकोत, इफेक्टला नकोत. व्हिडिओचं चित्र मुळातच मळकट, त्यात ते आणखी खरं वाटायचं. पुढे नाव झालेल्या बऱ्याच मंडळींनी हा धडा गिरवला. 'रिंगू'चे दिग्दर्शक हिदेओ नाकाता यांनीही सादाकोचा चेहरा शेवटपर्यंत दाखवला नाही, केसांमधून एक डोळा तेवढा दिसतो. आणि तिची ती चाल? नटी काबुकीचं शिक्षण घेतलेली, तिला उलटं चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. म्हणून पाय पुढे येतात पण वजन भलतीकडेच पडतं, आपल्या डोळ्याला काहीतरी चुकतंय एवढंच कळतं, काय ते कळत नाही.

इंटरनेटवालं भूत: हे जास्त वाईट

आता माझा सगळ्यात आवडता. 'काइरो', २००१, दिग्दर्शक कियोशी कुरोसावा (जुन्या जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी नातं नाही, सगळे विचारतात). त्याच वर्षी कान महोत्सवात समीक्षकांचं बक्षीस मिळालं होतं.

यात धमकी नाही, मुदत नाही. कावाशिमा नावाचा एक कॉलेजचा मुलगा, कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही, सीडी टाकून इंटरनेट चालू करतो. रात्री कॉम्प्युटर आपोआप डायल करतो, ते जुनं टूं-टूं-खर्र, आणि पडद्यावर एकेक खोली दिसायला लागते, प्रत्येक खोलीत एकेक माणूस, एकटा, काहीच करत नाही, नुसता बसलाय. मग अक्षरं येतात: भुताला भेटायचंय का?

यातली कल्पना अशी की मेलेल्यांच्या जगात जागा संपली. लोकल भरल्यावर कसं दारातून माणसं बाहेर लोंबकळतात तसे ते आपल्या बाजूला गळायला लागले, आणि त्यांना वाट मिळाली टेलिफोनच्या तारांतून. पण ही भुतं कोणाला मारत नाहीत. मारून काय मिळणार, गर्दी वाढणार आणखी. ती फक्त येतात आणि सांगतात की मरण म्हणजे न संपणारा एकटेपणा आहे. ज्याला हे भेटतं तो हळूहळू बोलायचा थांबतो, खोलीत बसून राहतो, आणि एक दिवस भिंतीवर माणसाच्या आकाराचा काळा डाग उरतो. घरांच्या दारांना लाल चिकटपट्टी लागलेली दिसायला लागते. तोक्यो रिकामं होत जातं.

एक सीन सांगतोच. लाल पट्टी फाडून एक जण आत जातो. रिकामी खोली. लांब भिंतीशी एक बाई उभी आहे, ती चालायला लागते, हळू, अगदी साधी चाल, आणि मध्येच तिचा पाय मुडपतो, आता पडणार असं वाटतं, ती पडत नाही, वाकडी होऊन सावरते आणि परत चालायला लागते. बस एवढंच. मी हा सीन किती वेळा बघितलाय आणि त्या मुडपणाऱ्या पायाला दर वेळी पोटात गोळा येतो. तो माणूस सोफ्यामागे लपतो, ती वरून डोकावते. धक्का देणारा आवाज नाही, काही नाही.

आणि त्याच पिक्चरमध्ये कॉलेजच्या लॅबमध्ये एका स्क्रीनवर नुसते पांढरे ठिपके फिरत असतात. हा एका विद्यार्थ्याने केलेला प्रोग्रॅम: दोन ठिपके फार जवळ आले तर मरतात, फार लांब गेले तर परत ओढले जातात. कोणी त्यावर भाषण देत नाही. २००१ साली, फेसबुक-व्हॉट्सॲप जन्माला यायच्या आधी, एवढ्या ठिपक्यांत त्याने सगळं मांडून ठेवलं होतं.

मोबाईलचं म्हणाल तर ताकाशी मिइकेचा 'चाकुशिन आरी' आहे, २००३ चा. तुमच्याच नंबरवरून तुम्हाला मिस्ड कॉल येतो, तारीख दोन-तीन दिवस पुढची, आणि व्हॉइस मेलमध्ये तुमचाच आवाज, मरतानाचा. पुढचा बळी कोण? मेलेल्याच्या फोनच्या कॉन्टॅक्ट लिस्टमधला कोणीतरी. कल्पना भन्नाट, पिक्चर मधेच भरकटतो.

"हे तर अमेरिकेत आधीच झालं होतं"

झालं होतं. १९८२ च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्ये छोटी मुलगी टीव्हीच्या मुंग्यांशी बोलते, हे सादाकोच्या सोळा वर्षं आधी. पण तिथे भुतं का आली, तर घर कबरस्तानावर बांधलं होतं म्हणून. म्हणजे दोष जागेचा. शेवटी ते कुटुंब घर सोडून हॉटेलात जातं आणि बाप खोलीतला टीव्ही ढकलत बाहेर नेऊन ठेवतो. लोक हसतात, पिक्चर संपतो. आपलीही भुतं तशीच, पिंपळाखालून जाऊ नका, तिकडच्या वाड्यात रात्री थांबू नका, प्रश्न मिटला. सादाकोच्या बाबतीत टीव्ही बाहेर ठेवून उपयोग नाही, तुम्ही कॅसेट बघितलीय, ती आता तुमच्यात आहे. जागा सोडून पळता येत नाही हा फरक.

"एवढा पुढारलेला देश आणि भुतं मानतात?"

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा खंडेनवमीला लॅपटॉपला हळदकुंकू लावून आलेला असतो. मीही लावतो. गाडीला झेंडूची माळ, स्क्रू ड्रायव्हरच्या पेटीवर फूल. आपण लॅपटॉपला देव "मानतो" का? तसं विचारलं तर नाही म्हणू. पण ज्या वस्तूने वर्षभर साथ दिली तिला एक दिवस नमस्कार करावा वाटतो.

जपानात हे आणखी पुढे आहे. मोडलेल्या सुया ८ फेब्रुवारीला देवळात नेऊन मऊ तोफूत टोचून ठेवतात, आयुष्यभर जाड कापडात घुसल्या, आता आराम करा म्हणून. जुन्या भांड्या-अवजारांना शंभर वर्षं झाली की जीव येतो अशी समजूत होती. सोनीने १९९९ साली आयबो नावाचा रोबो कुत्रा काढला, नंतर बंद केला, दुरुस्तीही बंद केली, तेव्हा चिबा भागातल्या एका बौद्ध देवळात २०१५ पासून या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी झाले, भटजींनी मंत्र म्हटले, ओळीने ठेवलेल्या कुत्र्यांच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. विधीनंतर त्यांचे पार्ट दुसऱ्या कुत्र्यांच्या दुरुस्तीला.

आणि वस्तूतून मेलेल्यांशी बोलणं तिथे नेहमी भीतीचंच असतं असंही नाही. इवाते भागात ओत्सुची नावाचं गाव आहे, तिथे इतारू सासाकी या गृहस्थांनी २०१० साली आपल्या बागेत एक पांढरा टेलिफोन बूथ उभा केला, आत काळा, डायल फिरवायचा फोन, तार कुठेच जोडलेली नाही. चुलतभाऊ वारला होता, त्याच्याशी बोलायला. पुढच्या मार्चमध्ये त्सुनामी आली, गाव उद्ध्वस्त झालं, आणि लोक त्या बागेत यायला लागले, हजारोंनी. वाहून गेलेल्या घराचा नंबर फिरवतात, आणि जेवण झालं का, शाळेत जातोय, थंडी पडलीय असलं बोलतात. सादाकोचा फोन आणि हा फोन, एकाच समजुतीच्या दोन बाजू आहेत. आपण पितृपक्षात पान वाढतो आणि अमावास्येला रात्री बाहेर पडायला घाबरतो, तसंच काहीसं.

"आता व्हीसीआरच नाही, मग भीती कसली?"

बनवणाऱ्यांनाही हीच काळजी पडली. २०१२ मध्ये सादाकोला इंटरनेटच्या व्हिडिओत टाकली, २०२२ मध्ये सात दिवसांची मुदत चोवीस तासांवर आणली, मध्ये एकदा दुसऱ्या पिक्चरच्या भुताशी तिची कुस्तीही लावली. जाहिरातीसाठी सादाकोने बेसबॉलच्या सामन्याआधी पहिला बॉलसुद्धा टाकलाय. भीती मात्र गेली.

मला वाटतं कारण सोपं आहे. लिंक पुढे पाठवायला अंगठा लागतो, बाकी काही नाही, दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की झालं, कोणाला दिलं ते आठवतही नाही. कॅसेट एकाच माणसाच्या हातात देता येते आणि तो माणूस तुम्हाला निवडावा लागतो. 'काइरो' उलट जुना होत नाही, डायलचा आवाज सोडला तर. एकटी बसलेली माणसं आणि त्यांच्याकडे बघणारी एकटी माणसं, यात जुनं होण्यासारखं काय आहे.

"फार स्लो आहेत हो"

आहेत. त्याला इलाज नाही, ती भाजी मंद आचेवरचीच आहे. मोबाईलवर एक्स्ट्रा स्पीडने बघाल तर कॉमेडी वाटेल.

बघायचे तर आधी 'रिंगू', मग दोन-चार दिवस जाऊ द्या, मग 'काइरो'. सबटायटल लावून, डबिंग नको, जपानी बोलण्यातल्या शांततेला डबिंगवाले उगाच भरून टाकतात. अमेरिकन आवृत्त्यांपैकी २००२ ची 'द रिंग' चांगली आहे, 'काइरो'ची २००६ ची मात्र वाटेला जाऊ नका. लाईट बंद, इअरफोन लावून, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. भाचा म्हणाला, "पण मामा, मी बघणार मोबाईलवरच." मग राहू दे, टीव्हीवर लाव. मी बसतो शेजारी.